मागच्या पडवीचा नकाशा

कोकणातल्या घराचं पुढचं दार पाहुण्यांसाठी, पोस्टमनसाठी आणि गणपतीसाठी. घरची माणसं मागच्या दाराने येतात, आणि पावसाळ्यात नुसती येत नाहीत, गुडघाभर चिखल घेऊन येतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो आणि निम्मा तरी आमच्या मागच्या पडवीत येतो, असं माझं मत आहे.

तर राजापूरकडच्या आमच्या घराची ही पडवी नीट करायची, तिथेच वॉशिंग मशीन बसवायचं, आणि चिखलाचे पाय, छत्र्या, गमबूट यांचीही सोय लावायची असं दिवाळीत ठरलं. जागा १२ फूट बाय ६ फूट. मतं अमर्याद.

नणंदेची मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. तिने आठवडाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा पाठवला. देखणा होता. भिंतीलगत बसायला बाक, बाकाखाली वेताच्या टोपल्या, वर ओळीने खुंट्या, कोपऱ्यात मशीन आणि मशीनवर एक कुंडी. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून कुंडी नीट पाहिली. "एवढं आवार पडलंय, आणि झाड मशीनवर कशाला?"

पडवीत आधीपासून कोण कोण राहतं हे त्या नकाशात नव्हतं. पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं, नारळाची सोडणं, आंब्याचे रिकामे खोके, कोयते, विळे, एक जुनं इरलं (वापरत कोणी नाही, टाकूही देत नाही कोणी) आणि कोंबड्यांचं खुराडं. मी हे सगळं भाचीला कळवलं. तिचा निरोप आला, "मामी, यातलं काय काय काढता येईल?" मी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि घरात बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग मिस्त्री आले. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "वहिनी, पाणी सोडायचं कुठे?"

"केळीला," आई आतूनच म्हणाल्या.

घरातलं सांडपाणी केळीला जातं. आजेसासूबाईंच्या वेळेपासून जातं. केळ पडवीच्या पूर्वेला आणि नकाशातलं मशीन पश्चिमेला. मिस्त्री म्हणाले, पश्चिमेकडून पूर्वेकडे एवढा ढाळ द्यायचा तर कोब्यावर माणूस उभा राहील पण बादली राहणार नाही. केळ हलवावी असं कोणीतरी सुचवलं. कोणी ते मी सांगणार नाही, त्याला अजून त्याच घरात जेवायचं आहे. मशीन पूर्वेला गेलं.

मशीन फ्रंट लोड: ६० सेंटिमीटर रुंद, जवळपास तेवढंच खोल, ८५ उंच. म्हणजे दोन फूट ते स्वतः, मागे नळ्यांना चार इंच, आणि पुढे दार उघडून वाकून कपडे काढायला तीन फूट. सहा फुटांतून हे वजा केलं की आठ इंच उरतात. माझे दीर धान्याची पाटी घेऊन त्या आठ इंचांतून जाणार, असं नकाशा गृहीत धरून चालला होता. दिरांना पाहिलेलं कोणीही असं गृहीत धरणार नाही. भाचीने तर त्यांना लहानपणापासून पाहिलं आहे.

शेवटी मशीन बाजूच्या आखूड भिंतीला, तोंड पडवीच्या लांबीकडे करून, असं ठरलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात नवऱ्याने मशीनची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. पाण्याचा दाब निदान ०.३ बार हवा, म्हणजे टाकी मशीनच्या नळाच्या वर साधारण तीन मीटर. आमची टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर, धरूनबांधून दीड मीटर. म्हणजे आता टाकीला लोखंडी स्टँड, स्टँडला चार पाय, पायांना काँक्रीट. दीर म्हणाले, "कपडे धुताय की धरण बांधताय?"

सुताराचा मुद्दा वेगळा होता. त्याला चपला-बुटांचं कपाट करायचं होतं, जमिनीपासून छतापर्यंत, मरीन प्लायवूडचं. त्यावरचा आयएस ७१० चा शिक्काही त्याने दाखवला. उकळत्या पाण्यात टाकलं तरी सुटत नाही म्हणाला. पण आमच्याकडे पाणी उकळतं ते न्हाणीत, पडवीत असते ती वाळवी, आणि ती शिक्का वाचून खात नाही. शिवाय जमिनीलगत काळोखी फळी म्हणजे फुरशाला, त्या विषारी सापाला, आवताण. आमचा जिल्हा हापूससाठी प्रसिद्ध आहे तसा फुरशासाठीही. फूट-दीड फुटाचं मातकट रंगाचं जनावर, गमबुटात वेटोळं करून बसलं तर बुटाचंच अस्तर वाटावं. म्हणून कपाट रद्द. कडप्प्याच्या उघड्या फळ्या, जमिनीपासून दोन फुटांवर, आणि गमबूट खुंट्यांवर उलटे. सुतार तेव्हापासून आमच्याकडे चहा घेत नाही.

खरा घोळ चिखलाची हद्द कुठे, यावर झाला. आईंच्या मते ती पायरीवर संपते. मुलाच्या मते स्वयंपाकघरात, डब्यापाशी. नवऱ्याच्या मते तो स्वतः जिथे बसेल तिथे. मला विचाराल तर अशा जागेचा नकाशा मशीनपासून सुरू करूच नये, भिजून आलेल्या माणसापासून करावा. लावणीच्या दिवसांत माणूस मागच्या दाराशी येतो तेव्हा डोक्यावर गवताचा भारा असतो, एका हातात कोयता, आणि अंगावरून पागोळ्यांसारखं पाणी गळत असतं. त्याला आधी काय हवं? भारा टेकवायला कट्टा, मग पाय धुवायला नळ, तोही कोपराने उघडणारा. मग रेनकोट अडकवायला खुंटी, तिच्याखाली पाणी वाहून जाईल अशी पन्हळ. मग कोरडं पायपुसणं. एवढं झाल्यावर कपडे, म्हणजे मशीन. नकाशातला बाक या सगळ्याच्या पलीकडे होता. तिथवर पोचेपर्यंत पडवी दोनदा सारवून झाली असती.

आणि धुण्याचा दगड? तो काढायचाच असं भाचीने ठरवलं होतं. पण जांभ्याची लाल माती थेट ड्रममध्ये घालायची नाही, आधी दगडावर खळबळून काढायची. नाहीतर गाळ मशीनच्या फिल्टरात जातो आणि डाग कपड्यांत राहतो. त्या मातीचा लाल रंग लोहाचा. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो. आई लिंबू चोळतात. म्हणजे दगड राहिला, आणि शेजारी लिंबाची वाटी ठेवायला कोनाडाही मंजूर झाला.

वाळवणाचं कोणीच बोलत नव्हतं. मशीन कपडे पिळून देतं, वाळवून देत नाही, आणि श्रावणात तर पडवीत टांगलेला पंचा सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त ओला असतो. उपाय जुनाच निघाला: न्हाणीच्या चुलीवर उंच दोऱ्या. मुलाच्या गणवेशाला धुराचा वास येतो, पण अख्ख्या वर्गालाच येतो, त्यामुळे बाई काही म्हणत नाहीत.

एवढं सगळं नकाशात बसल्यावर उरलं खुराडं. दिरांचं म्हणणं, ते गोठ्याकडे न्यावं. आईंचं म्हणणं, गोठ्याकडे मुंगूस येतं. मिस्त्री म्हणाले, मशीन सुरू झालं की आवाजाने कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील. हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे, पण आईंचा चेहरा पाहून मी वीज खात्याच्याही आधी भाचीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामी, खुराड्याची लांबी-रुंदी पाठवा. आणि त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं?"