निळा झेंडा आणि आमच्या काकांच्या टाइल्स
२०२५ मधे श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूच्या पारनाक्याचं नाव ब्लू फ्लॅगसाठी (म्हणजे चांगल्या समुद्रकिनाऱ्यांना मिळणारा निळा झेंडा) पेपरात झळकलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता अंगठ्यांचा पाऊस. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लगेच आमच्या एका काकांचा मेसेज, "आता आपल्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) पण टाइल्स टाकून घेऊ, झेंडा आपलाच!" तिथे माझी सटकली.

अहो काका, हा झेंडा टाइल्सचा नाहीये. डेन्मार्कची एफईई म्हणून संस्था आहे, ती देते, एकूण ३३ निकष, पाण्याची नियमित तपासणी (ई. कोलाय हे जंतू किती वगैरे), जीवरक्षक, टॉयलेट, कचरा हे सगळं त्यात आहेच पण यादीत सगळ्यात वर काय आहे तर पर्यावरण शिक्षण. सीझनला कमीत कमी पाच कार्यक्रम लोकांसाठी घ्यायचेच. आणि हो, एकदा मिळाला की जन्मभराचा असंही नाही, दरवर्षी नव्याने अर्ज करायचा.

मला सगळ्यात आवडलेला निकष सांगू? वाहून आलेलं शेवाळ, पालापाचोळा असलं नैसर्गिक जे काही आहे ते शक्यतो किनाऱ्यावरच राहू द्या असं त्यांचंच म्हणणं आहे. आणि आमच्या गावात काय केलं, तर दिवाळीच्या गर्दीआधी ट्रॅक्टर लावून अख्खी पुळण खरवडून काढली, प्लास्टिकबरोबर शेवाळही गेलं आणि मर्यादवेलसुद्धा उपटली. ती वेलच तर वाळू धरून ठेवते ना! पुढच्या पावसात सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली तेव्हा हेच लोक "समुद्र आत यायला लागला" म्हणून हळहळत होते. फोटोत मात्र किनारा एकदम चकाचक दिसत होता हां.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाला तर कुठला झेंडा नव्हता. २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात झाली, मग कासव महोत्सव, लोक गावातल्या घरात राहतात, आमटीभात खातात आणि पहाटे उठून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. तिथून आलेला माझा भाचा वाळूत गाडी घालणाऱ्या माणसावर जाऊन ओरडला, वय वर्ष आठ! आम्ही मोठे गप्प उभे होतो. आता पाच कार्यक्रम म्हणजे पाच वेळा बॅनर धरून झाडू मारतानाचे फोटो होणार असतील तर कठीण आहे, कारण ओहोटीला खेकड्याचं बीळ दाखवायला बॅनर लागत नाही, माहितगार माणूस लागतो, आणि तो रापणीवरच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) कुठल्याही म्हाताऱ्यात सापडतो. त्याला मानधन द्या की.

मे महिन्यात गावी जातोय. सकाळची ओहोटी बघून पोरांना पुळणीवर फिरवणार आहे, येणार असाल तर कमेंटमधे सांगा. काका, तुम्ही पण या. ट्रॅक्टर नको.