पूर्वनोंदणी म्हणजे संशोधनात खोडा नव्हे

‘खेळ आणि व्यायामाच्या संशोधनात खुल्या विज्ञानाचा आग्रह म्हणजे नुसते कागदी घोडे’ अशी एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. खुलं विज्ञान म्हणजे प्रयोगाचा बेत, डेटा आणि विश्लेषण सगळ्यांसमोर ठेवणं. माझी भाची प्रबंधाच्या प्रयोगाची पूर्वनोंदणी करणार होती, म्हणजे काय आणि कसं तपासणार हे आधीच नोंदवून ठेवणार होती. ही पोस्ट वाचून तिने बेत रद्द केला, म्हणून आता गप्प बसवत नाही.

सर्वांत घातक दावा आधी घेते. म्हणे, या क्षेत्रात गृहीतकं बहुतेक वेळा खरी ठरतात, कारण संशोधक मैदानात घडलेले असतात. काय लागू पडणार हे त्यांना आधीच कळतं. बरं, प्रत्येक गृहीतक खरंच आहे असं धरू. दहा-दहा खेळाडूंचे दोन गट, त्यांच्यात अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (खेळाडू-खेळाडूंतल्या नेहमीच्या चढउताराच्या निम्मा) फरक आणि नसलेला फरक योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची नेहमीची ५ टक्क्यांची मर्यादा. एवढ्या नमुन्यात तो फरक पकडला जाण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर दर गटात ६४ जण लागतात. अनुभव कितीही दांडगा असो, त्याने नमुना मोठा होत नाही!

आणि प्रत्यक्षात काय दिसतं? २०२१ साली ‘कम्युनिकेशन्स इन किनेसिऑलॉजी’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने तीन प्रमुख नियतकालिकांतले ३०० लेख तपासले. ज्यांत गृहीतक तपासलं होतं, त्यांपैकी सुमारे ८१ टक्के लेखांत ते खरं ठरलेलं होतं. लहान नमुन्यांत फरक इतका क्वचित पकडला जात असेल, तर एवढं यश येतं कुठून? नकारार्थी निकाल कपाटात राहतात, किंवा भाराभर मापं घेऊन जुळेल तेवढंच छापलं जातं. उडीची उंची, स्प्रिंटची वेळ, पकडीचा जोर, रक्तातलं लॅक्टेट अशी २० मापं घेतली आणि ती परस्परांपासून स्वतंत्र असली, तर सरावाचा काडीचा उपयोग नसतानाही एखाद्या तरी मापात ‘लक्षणीय’ फरक निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य माप कोणतं, हे प्रयोगाआधी तारखेनिशी लिहून ठेवणं, ही पूर्वनोंदणी. २०२१ च्या त्या अभ्यासाचा आराखडाही निकालाआधीच स्वीकारला गेला होता. लेखकांच्या स्वतःच्या गृहीतकाला जेमतेम पुरावा मिळाला, तरी त्यांनी तो तसाच छापला.

पोस्टचा पुढचा दावा: ‘पीअर रिव्ह्यू पुरेसा आहे.’ म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञ लेख तपासतात, तेवढं बस. नाही. ‘मॅग्निट्यूड-बेस्ड इन्फरन्स’ ही सांख्यिकी पद्धत क्रीडाविज्ञानात वर्षानुवर्षं रिव्ह्यूतून पार होत राहिली. तिच्यामुळे नसलेले परिणामही ‘सापडतात’, हे संख्याशास्त्रज्ञ क्रिस्टिन सायनानी यांनी २०१८ मध्ये दाखवलं.

आणखी एक दावा: ‘पूर्वनोंदणीने हात बांधले जातात.’ साफ खोटं. बेत बदलता येतो. फक्त बदलला हे सांगावं लागतं.

डेटा खुला केला तर खेळाडूंची गोपनीयता जाते, हा पोस्टमधला मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. राष्ट्रीय संघातल्या मोजक्या भालाफेकपटूंचं वय, उंची आणि दुखापत दिली, की नावं झाकून काही उपयोग नाही. पण म्हणून विश्लेषणाचा कोडही लपवायचा? सरावाचं वेळापत्रकही? डेटा अटी घालून, मागेल त्या संशोधकाला देता येतो. त्याचं कलम संमतीपत्रात सह्या घेण्याआधीच घालायचं. नंतर एकेका खेळाडूला गाठत फिरावं लागतं.