फ्लेमिंगो आले म्हणून खाडी स्वच्छ झाली?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, पाण्यातल्या ऑक्सिजनची सरासरी गेल्या वर्षीपेक्षा वाढली, शिसं-पारा ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट) आलाय. म्हणजे खाडी स्वच्छ झाली, आता सांडपाण्याची ओरड बंद करा. मी संख्याशास्त्र शिकवते, आणि हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी फ्लेमिंगो. २०१५ मध्ये इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, याचा मलाही आनंद आहे. पण छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) चोचीने गाळून खातो ते सूक्ष्म शेवाळ, आणि ते शेवाळ नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसतं. सांडपाण्यातून हेच येतं. पक्ष्यांचे थवे खाद्य मुबलक असल्याचं सांगतात. पाणी शुद्ध असल्याचं नाही.

खरा घोळ सरासरीत आहे. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळे जीव तो वापरत राहतात, म्हणून पहाटे पातळी तळाला जाते. समजा, पहाटे लिटरला २ मिलिग्रॅम आणि दुपारी ८. सरासरी ५. समुद्राच्या पाण्यात आंघोळ करण्यासाठीचं मानक ४ आहे, म्हणजे कागदावर खाडी पास! मासे मात्र पहाटेच गुदमरले. त्यातही नमुने घेणारी माणसं कामाच्या वेळेत, उन्हं वर आल्यावर येणार. मग पहाटेचा आकडा तक्त्यात उतरतच नाही. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, ओहोटीला नाल्यांचं पाणी उरतं. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी भरती यांतला फरक कोळीवाड्यातल्या पोरालाही कळतो, पण सरासरीच्या एका आकड्यात तो पुसला जातो.

गेल्या वर्षीशी तुलनाही अशीच. एका वर्षीचे नमुने पावसाळ्यातले आणि दुसऱ्या वर्षीचे मे महिन्यातले असतील, तर आपण दोन ऋतू मोजले, दोन वर्षं नव्हेत. हर्श, स्लॅक आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी १९८२ मध्ये यासाठी ऋतुनिहाय केंडॉल चाचणी मांडली. जानेवारीची तुलना फक्त जानेवारीशी, मेची फक्त मेशी. किती जोड्यांत आकडा चढला आणि कितीत उतरला ते मोजायचं. त्यासाठी अनेक वर्षांची सलग मोजणी लागते. दोन वर्षांवरून कल ठरत नाही.

‘बीडीएल’ म्हणजे यंत्राला मोजता येईल त्या मर्यादेपेक्षा कमी. शून्य नव्हे. मर्यादा ०.०१ असेल, तर खरं मूल्य शून्य ते ०.०१ यांत कुठेही असू शकतं. सगळीकडे शून्य भरलं की सरासरी आपोआप गोंडस दिसते. त्यापेक्षा किती टक्के नमुने मर्यादेच्या वर गेले, ते सांगावं. शिवाय जड धातू गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात, आणि मेसेजमध्ये गाळाचा उल्लेखही नाही.

मेसेज टाकणाऱ्यांना विनंती आहे, मूळ तक्ता ग्रुपवर टाका: प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, जागा, भरती होती की ओहोटी, आणि यंत्राची मर्यादा. रविवारी बसून सगळी आकडेमोड मी करून देते.