नळ कोरडा का? म्हादईकडे बोट दाखवण्याआधी

एप्रिल उजाडला की तो मेसेज न चुकता येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: गोव्यात तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तरी नळाला पाणी नाही, कारण कर्नाटकाने म्हादई नदी पळवली. उरलंसुरलं पर्यटक आणि भायले, म्हणजे बाहेरून आलेले लोक, संपवतात. म्हादईवर धरणं बांधा, प्रश्न कायमचा मिटेल. खरे गोंयकार असाल तर पुढे पाठवा.

मी पुढे पाठवलेला नाही. एक सांगून टाकतो, म्हणजे खालच्या कॉमेंटमध्ये मला कर्नाटकाचा एजंट ठरवायचे कष्ट वाचतील. म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाला माझा विरोध आहे. पाणी तंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला, त्यात कर्नाटकाला ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खोऱ्याबाहेर, मलप्रभा नदीकडे न्यायची मुभा दिली. गोव्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि ते योग्यच आहे. नदीचं पाणी एकदा खोऱ्याबाहेर गेलं की परत येत नाही. पण ती लढाई कोर्टातली. आपल्या स्वयंपाकघरातला नळ सकाळी सहाला फुसफुसतो, त्याची कारणं बरीच जवळ आहेत आणि या मेसेजमुळे ती झाकली जातात.

“कर्नाटकाने म्हादई पळवली म्हणून नळ कोरडे”

आधी आपला नळ कुठल्या नदीला जोडलाय ते तरी पाहा. मडगाव, वास्को, केपे भागाला पाणी येतं साळावली धरणातून. ते जुवारीच्या खोऱ्यात आहे, म्हादईचा त्याच्याशी संबंध नाही. बार्देशची मदार अस्नोड्याच्या प्रकल्पावर आणि त्याची मदार तिळारी धरणाच्या कालव्यावर, जोडीला आमठाणे धरण. पेडण्याला चांदेलचा प्रकल्प, तेही तिळारीचंच पाणी. काणकोणला चापोली धरण. म्हणजे मडगावात बसून कोरड्या नळाचं खापर म्हादईवर फोडणाऱ्या माणसाच्या घरात म्हादईचा थेंबही येत नाही.

राहिले पणजी, तिसवाडी आणि फोंडा. यांना ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी. ओपा खांडेपार नदीवर आहे आणि खांडेपार ही म्हादईची उपनदी, त्यामुळे खोरं तेच, हे खरं. पण कळसा आणि भंडुरा हे नाले वर मुख्य प्रवाहाला मिळतात आणि खांडेपार त्याच्या पुष्कळ खाली येऊन मिळते. तिकडे कळसा वळवला तर ओपाच्या पंपापाशी पाणी त्याच दिवशी उतरेल, असं काही नाही. सत्तरीची गोष्ट वेगळी. दाबोसचा प्रकल्प थेट म्हादईवर आहे, तिथल्या माणसाने काळजी केली तर ती रास्त आहे. गंमत अशी की सत्तरीतून हा मेसेज मला अजून आलेला नाही. येतो तो पर्वरी, मडगाव आणि ताळगावातून.

आता ऑगस्ट २०१९ आठवा. पावसाळा ऐन भरात, नद्या दुथडी. केरये-खांडेपार इथे महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं, तिथे दरड खचली आणि ओपाहून येणाऱ्या मुख्य वाहिन्या फुटल्या. पणजी, तिसवाडी, फोंडा कितीतरी दिवस पाण्याविना. बाहेर धो-धो पाऊस आणि लोक पागोळ्यांखाली बादल्या लावून बसलेले. टँकरच्या मागे बायामाणसं घागरी घेऊन धावत होती, तीही छत्र्या सांभाळत. त्या आठवड्यात म्हादईला पाणी कमी होतं असं कोणी म्हणेल का? राजधानीचा घसा एका जागच्या दोन-चार पाइपांवर अवलंबून आहे, पर्यायी वाहिनी नाही, रस्ता खोदणाऱ्या खात्याला पाइपवाल्या खात्याचा पत्ता नाही, हे त्या दिवशी उघडं पडलं. पुढे किती बदललं ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावं. कुठे केबलसाठी, कुठे भूमिगत विजेसाठी जेसीबीचा दात लागतो आणि संध्याकाळी वॉर्डाच्या ग्रुपवर ‘आज पाणी नाही’.

तिळारीचीही तीच गत. कालवा फुटल्याची बातमी बार्देश आणि पेडण्याला नवी नाही. धरणात पाणी असतं, पाइपाच्या तोंडाशी गरज असते, मधला कालवा मात्र दुरुस्तीत.

“पाणीच कमी आहे”

इथे थोडा हिशेब मांडू. पेन घेऊन तपासा.

राज्यातल्या जलशुद्धीकरण प्रकल्पांची एकत्र क्षमता दिवसाला सहाशे दशलक्ष लिटरच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. आज सोळा लाख धरा आणि शहरासाठीचं माणशी १३५ लिटरचं प्रमाण सरसकट सगळ्यांना लावा. गरज होते सुमारे २१६ दशलक्ष लिटर. उद्योग, हॉटेलं, इस्पितळं, पाहुणे सगळे मिळवले तरी सहाशेचा आकडा काही तुटपुंजा नाही.

मग जातं कुठे? शुद्ध होऊन निघालेल्या पाण्यापैकी ज्याचा पैसा खात्याकडे परत येत नाही, अशा पाण्याचं प्रमाण सरकारी तोंडूनच ३५ ते ४० टक्के सांगितलं जातं. ४० धरलं तर दिवसाला २४० दशलक्ष लिटर, वर्षाला ८,७६० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. भागाकार करा: ३.१ टीएमसी. अगदी ३५ टक्के धरलं तरी २.७.

कर्नाटकाला वळवायला मिळालेलं पाणी ३.९ टीएमसी. त्यासाठी आपण सर्वोच्च न्यायालयात वकिलांची फौज उभी करतो, मोर्चे काढतो, विधानसभेत ठराव घेतो. आणि त्याच्या तीन-चतुर्थांशाएवढं, तेही वीज जाळून उपसलेलं, तुरटी-क्लोरीन घालून शुद्ध केलेलं पाणी, दरवर्षी आपल्याच हद्दीत हिशेबाबाहेर जातं. त्याच्यासाठी आजवर एक साधं धरणं धरलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळंच पाणी मातीत मुरतं असं नाही. त्यात चोरीची जोडणी आली, बंद पडलेले मीटर आले, ‘सरासरी’ बिलं आली. पण किती मुरतं आणि किती चोरलं जातं हे वेगवेगळं सांगता येत नाही, दुखणं इथेच आहे. मुख्य वाहिनीतून एका भागात किती पाणी शिरलं हे मोजणारा मीटर असेल आणि त्या भागातल्या बिलांची बेरीज असेल, तर फरक एका कागदावर दिसतो. मध्यरात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, त्या मीटरचा काटा जोरात फिरत असेल तर पाणी कुठेतरी फुटलंय हे शेंबडं पोरही सांगेल. जपानच्या मदतीने गोव्यात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा जो मोठा प्रकल्प आला, त्याच्या कर्जाचा करार २००७ चा. त्यातही गळती कमी करणं हे एक काम होतं. ज्ञान नवं नाही, पैसाही आला होता.

“हर घर जल झालं, आता सरकार आणखी काय करणार?”

हे मेसेजमध्ये नाही, मेसेजला उत्तर म्हणून येतं. १९ ऑगस्ट २०२२ ला गोवा देशातलं पहिलं प्रमाणित ‘हर घर जल’ राज्य झालं. ग्रामीण भागात घरोघरी जोडणी पोचली, हे काम झालं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण जोडणी पोचणं वेगळं आणि जोडणीतून रोज, दाबाने पाणी येणं वेगळं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२१ पासून, महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत करण्यात आलं. गरीब घराला किमान पाणी फुकट मिळावं याला माझा आक्षेप नाही. ज्याच्या नळाला पाणीच येत नाही आणि जो टँकरला हजारो मोजतो, त्याला त्या मोफतचा उपयोग काय, एवढंच विचारतो.

“पर्यटक आणि भायले पाणी संपवतात”

याचाही हिशेब करू. २०२४ मध्ये गोव्यात साधारण एक कोटी पर्यटक आले. प्रत्येक जण चार दिवस राहिला आणि दिवसाला ३०० लिटर पाणी वापरलं असं सढळ हाताने धरा. वर्षभराची सरासरी निघते दिवसाला ३३ दशलक्ष लिटर. सहाशेतले ३३. राज्याची तहान त्यांच्यामुळे आहे असं यातून निघत नाही.

मात्र सरासरी फसवी असते. हे पाणी लागतं ते डिसेंबरात, आणि तेही कळंगुट-कांदोळी-हणजुणेच्या पट्ट्यात. तिथे ते टँकरने येतं, आणि टँकर भरतो तो आतल्या गावच्या विहिरीवर. एप्रिलमध्ये शेजारच्या घराची विहीर तळाला गेली की गावात भांडण लागतं. पूर्वी जवळजवळ प्रत्येक घराला विहीर होती. आता कित्येक बुजल्या, कित्येकांचं पाणी मचूळ झालं, विहिरीत उड्या मारण्याच्या सांजांवच्या सणाला उडी मारायला विहीर शोधत फिरावं लागतं. पर्वरीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला त्यांची वही दाखवली होती. टँकरची तारीख, वेळ, रक्कम, ड्रायव्हरची सही. पाणी कुठून आणलं, याचा रकाना नाही. मी विचारलं तर म्हणाले, “ते विचारलं तर उद्या टँकर येणार नाही.”

भूजल नियमनाचा कायदा गोव्यात २००२ पासून आहे. विहिरीची नोंदणी, उपशाची परवानगी, वाहतुकीवर नियंत्रण, सगळं त्यात आहे. तेव्हा ‘भायले’ म्हणून शिव्या घालण्यापेक्षा त्या वहीत एक रकाना वाढवणं जास्त कामाचं. व्यावसायिक उपशाच्या प्रत्येक विहिरीवर मीटर, प्रत्येक टँकरवर जीपीएस आणि पावतीवर विहिरीचा नोंदणी क्रमांक. भायला असो की इथला जमीनदार भाटकार, उपसतो तो दिसेल.

स्थलांतरित मजुराबद्दल तर बोलूच नये. एका खोलीत सहा जण आणि बाहेर एक पिंप, हा माणूस गोव्याचं पाणी संपवतो म्हणायला धाडस लागतं. डोंगरउतारावर तरणतलाव असलेल्या रिकाम्या व्हिलांबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोलू. जमिनीचा झोन बदलताना किंवा मोठ्या वसाहतीला परवाना देताना ‘पाणी कुठून देणार’ याचं लेखी उत्तर पेयजल खात्याने आधी जाहीर करावं आणि ते दिल्याशिवाय फाइल पुढे सरकू नये.

“म्हादईवर धरणं बांधा”

कुठे? म्हादईचा वरचा भाग हे अभयारण्य आहे, १९९९ पासून. कर्नाटकाला आपण कोर्टात सांगतो की इथे वाघ आहेत, जंगल आहे, पाण्याला हात लावू नका. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायचा आदेश दिला, तर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आपलंच सरकार. म्हणजे वाघ फक्त बेळगावच्या दिशेने तोंड करून डरकाळी फोडतो! त्यावर आणखी आपणच त्या जंगलात धरण मागायचं, तर समोरच्या वकिलाला वेगळा युक्तिवाद शोधायलाच नको.

शिवाय धरणाचं पाणी शेवटी येणार कुठून? त्याच पाइपातून. शंभर लिटर जास्त सोडले तर चाळीस जास्त हरवतील.

तीन हजार मिलीमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून समुद्राला मिळतो, साठवण हवी, हे कबूल. त्यासाठी वसंत बंधारे, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारे छोटे बंधारे, आहेत. पावसाळा संपता संपता त्यांच्या फळ्या वेळेवर बसल्या, दरवर्षी गाळ निघाला, तर पात्रातलं पाणी टिकतं आणि आजूबाजूच्या विहिरी एप्रिलपर्यंत दम धरतात. फळ्या जानेवारीत बसवल्या तर बंधारा असून नसून सारखा. बांधकामाला आणि बागांना लागणारं पाणी पणजीतल्या टोंकच्या मलनिस्सारण प्रकल्पासारख्या ठिकाणी शुद्ध केलेलं घ्यायला लावावं, पिण्याचं नको.

पण पहिलं काम गळतीचंच. सगळ्या राज्यात एकदम नको. पर्वरी, फोंडा आणि मडगावचा एखादा भाग घ्या, तिथे शिरणारं पाणी मोजा, बिलं जोडा, फरक दर महिन्याला वेबसाइटवर टाका. त्यावरून जुन्या वाहिन्या बदलण्याचा क्रम ठरवा, कारण आज तो क्रम कुठल्या आमदाराचा आवाज मोठा यावर ठरतो असा लोकांचा समज आहे आणि तो दूर करण्यासारखं काही जाहीर होत नाही. रस्ता खोदायच्या परवान्यावर पाणीवाल्या अभियंत्याची सही सक्तीची करा आणि वाहिनी फुटली तर टँकरचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापा. ओपाहून पणजीला येणाऱ्या वाहिनीला दुसऱ्या मार्गाने जोड द्या.

मेसेज पुढे पाठवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आपल्या आमदाराला एक प्रश्न लिहून पाठवता येतो. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात त्याने तो लेखी विचारावा: माझ्या मतदारसंघात गेल्या बारा महिन्यांत किती पाणी सोडलं, त्यातल्या किती पाण्याचं बिल झालं, आणि उरलेल्याचं काय झालं?