रिव्ह्यूंचं ऑडिट

ज्या माणसाने सगळी नोकरी मुन्सिपाल्टीच्या ऑडिटमध्ये दुसऱ्यांची व्हाउचरं उलटीपालटी करण्यात काढली, त्याच्या घरात राहून ऑनलाईन काहीही घेऊन दाखवा, मी तुम्हाला मानेन. मी २००९ च्या सुमारास डीव्हीडी घ्यायचा घाट घातला होता. विकत पण नाही हो, भाड्याने.

तेव्हा घरात नेट होतं, पण त्यावर पिक्चर बघायचा म्हणजे गोल फिरणारं चक्र बघायचं. स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे एका डिस्कवर चार पिक्चर मिळायचे, त्यातल्या एखाद्यात थिएटरमधल्या पुढच्या रांगेतला माणूस पडद्यासमोरून लघवीला जायचा. आमच्या गोरेगावच्या नाक्यावर एक सीडी लायब्ररीवाला होता पण त्याच्याकडचा नवीन पिक्चर कायम 'बाहेर गेलेला', आणि मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्यापासून त्याचंही लक्ष उडालं होतं, अर्धं दुकान मोबाईल रिचार्जचं झालं होतं. अशात या ऑनलाईन कंपन्या आल्या. वेबसाईटवर यादी करा, पोरगा घरी येऊन डिस्क देणार, बघून झाली की तोच परत नेणार, लेट फी नाही. फक्त महिन्याचे पैसे आगाऊ आणि वर डिपॉझिट.

डिपॉझिट म्हटल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

"लोक काय म्हणतात ते बघ आधी."

म्हटलं बघतो. तर नाही, मी ऑफिसातून प्रिंटाऊट काढून आणायच्या. आणल्या. मग जेवणं झाल्यावर टेबल पुसून बाबा लाल पेन घेऊन बसले आणि पंचतारांकित रिव्ह्यूंपासून सुरुवात केली. ते सगळे लोक भलतेच खूष होते. सगळ्यांना सर्व्हिस 'अमेझिंग' वाटली होती, सगळ्यांचा डिलिव्हरी बॉय 'व्हेरी पोलाईट' होता आणि सगळ्यांचा अनुभव 'हॅसल फ्री' होता. बाबांनी हॅसल फ्रीवर गोल करत करत पान लाल केलं. "एवढी माणसं एकच भाषा बोलतात म्हणजे एक तर एका शाळेत होती किंवा एका टेबलावर." खाली तारखा बघितल्या तर बहुतेक एकाच आठवड्यातल्या. फुली.

मग एक स्टारवाले. त्यांच्याबद्दल मला खूप आशा होती कारण रागावलेला माणूस खरं बोलतो असं आपल्याला वाटतं. पण एकाने पिक्चरचा शेवट आवडला नाही म्हणून कंपनीला धुतलं होतं. दुसऱ्याच्या एकाही डिस्कला त्याचा प्लेअर हात लावत नव्हता, 'चोर कंपनी' वगैरे, आणि शेवटच्या ओळीत साहेब सांगतात की प्लेअर भावाने अमेरिकेहून आणलाय. अरे बाबा, डीव्हीडीला जगाच्या भागाप्रमाणे रीजन नंबर असतो, तिकडचा प्लेअर रीजन १ चा, आपल्याकडच्या डिस्क रीजन ५ च्या, तो बिचारा चालवणार कसा? यात कंपनीने काय चोरलं? उरलेले नुसते ओरडत होते. "तारीख नाही, रक्कम नाही," बाबा म्हणाले. "नामंजूर."

आणि मग तीन स्टारचा एक सापडला. मुलुंडचा. त्याने लिहिलं होतं की डिस्कवर चरे असतात, बदलून देतात पण दोनदा फोन करायला लागतो, पोरगा नेमका जेवायच्या वेळेला येतो, मेंबरशिप बंद केल्यावर डिपॉझिटचा चेक सहा आठवड्यांनी आला, पण आला. बाबांनी ते दोनदा वाचलं, पेन टोपणात घातलं. "हा माणूस आहे."

"हे कशावरून?"

"खोटं लिहिणाऱ्याला जेवायची वेळ सुचत नाही."

माझा स्वतःचा एक शोध होता, तोही मांडला. नेटफ्लिक्स तेव्हा अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं (१९९८ पासून त्यांचा तोच धंदा), आणि जो गिऱ्हाईक भराभर बघून भराभर परत करायचा त्याला पुढची डिस्क मुद्दाम उशिरा पाठवतात म्हणून २००४ साली एकाने त्यांना कोर्टात खेचलं होतं. कंपनीने चूक काही कबूल केली नाही, पण कमी डिस्क मागवणाऱ्याला आधी देतो असं नियमांत लिहून टाकलं. हिशोब सरळ आहे, महिन्याचे पैसे ठरलेले, त्यात तुम्ही जितकं जास्त बघाल तितका त्यांना तोटा. नवीन मेंबर मात्र जावयासारखा. म्हणून मेंबर झाल्याझाल्या लिहिलेला रिव्ह्यू वाचूच नये असं माझं आजही मत आहे, मग ती डीव्हीडी असो, डबा असो की जिम. २०२२ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी चक्क मानक काढलं, आयएस १९०००, लिहिणारा खरा आहे का ते तपासा, आलेला रिव्ह्यू परस्पर बदलू नका वगैरे, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक ऐकून बाबा जे हसले ते सांगण्यासारखं नाही.

असो. एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं सुटलो. तर बाबा म्हणाले, पत्ता काय आहे?

शनिवारी आम्ही अंधेरी ईस्टला, एमआयडीसीत. वेबसाईटवर ज्याला कॉर्पोरेट ऑफिस म्हटलं होतं तो एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा निघाला, मालाच्या लिफ्टने वर, शेजारी खोक्यांचा कारखाना. आत लोखंडी मांडण्या, कागदी पाकिटांत डिस्क, आणि एका टेबलाशी विशीतला एक पोरगा परत आलेल्या डिस्क फडक्याने पुसत बसलेला. बाबा त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ. तो पोरगा मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पुसायचा, परत मधून कडेपर्यंत, डिस्क जरा फिरवून परत तसंच. घरी आम्ही सगळे पुसायचो तसं गोल गोल नाही.

"असं का रे?"

"काका, गोल पुसली ना तर चरा गोल ट्रॅकच्या बाजूनेच जातो, मग पिक्चर अटकतो. आडवा गेला तर प्लेअर सांभाळून घेतो."

बाबा माझ्याकडे वळले. "भर पैसे." डिपॉझिटची पावती मात्र तिथेच हातात घेतली, शिक्क्यासकट.

सर्व्हिस चांगलीच निघाली. मग एक दिवस कंपनीचा ईमेल आला, रिव्ह्यू लिहा म्हणून. बाबा म्हणाले, मी सांगतो, तू टाईप कर. तीन स्टार.

"अहो बाबा, तीन का? सगळं व्यवस्थित तर चाललंय."

"पाच दिले तर कोण विश्वास ठेवेल?"

आता तीन द्यायचे तर तक्रार हवी. ती काही केल्या सापडेना. चरे नाहीत, उशीर नाही, फोनवर उर्मटपणा नाही. बाबा अस्वस्थ. शेवटी आतून आई म्हणाली, तो मेला दुपारी अडीचला बेल वाजवतो, माझा डोळा लागलेला असतो.

"घाल," बाबा म्हणाले. "वेळेसकट घाल."