फाईल बंद केली म्हणे

आज एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. फॉलोअपला कधी बोलावलंय विचारलं, तर म्हणाल्या, "आता कशाला? कोर्स पूर्ण झाला, फाईल बंद केली त्यांनी." तेव्हापासून डोकं ठणकतंय.

अहो, दारू अंगातून उतरायला आठवडा-दहा दिवस पुरतात. हातांची थरथर थांबते, झोप लागायला लागते. पण तलफ महिनोन्महिने दबा धरून बसते. केंद्रात पगाराचा दिवस नसतो, जुने मित्र नसतात, घरातली भांडणं नसतात. ते सगळं बाहेर आल्यावरच भेटतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे हात झटकून मोकळे!

माझा दादा पहिल्यांदा घरी आला तेव्हा 'तो' विषयच काढायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. आपण त्याला जपतोय असं वाटायचं. अकराव्या दिवशी तो प्यायला. नंतर म्हणाला, "आज इच्छा झाली का, एवढं जरी कुणी विचारलं असतं ना, तरी सांगितलं असतं गं."

दुसऱ्या वेळी समुपदेशक बाई दर गुरुवारी फोन करायच्या. जेवलास का, कुणाचा राग आलाय का, एकटा आहेस का, थकलायस का? पाच मिनिटांचं बोलणं. मला ते वरवरचं वाटायचं. दादाच्या त्या अकराव्या दिवशी या चारही गोष्टी होत्या, हे फार उशिरा लक्षात आलं.

१९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात, एका हॉटेलात बिल विल्सन नावाचा माणूस उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, शेजारी बार. त्यानं फोन फिरवले ते बोलायला दुसरा दारुडा मिळावा म्हणून. डॉ. बॉब हे तसेच पिणारे डॉक्टर भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, उभं राहिलं.

इच्छा त्याची स्वतःची हवी, मान्य. फोन येत असूनही काही जण घसरतात, तेही मान्य. पण घसरला की "पैसे वाया गेले" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. बीपी पुन्हा वाढलं म्हणून कुणाला नालायक ठरवता का? हेरॉइनवाल्याचं तर शरीर मधल्या काळात सवय विसरलेलं असतं, जुन्याच मात्रेनं जीव जातो. त्याला वाऱ्यावर सोडायचं?

मघाशी काकूंना परत फोन केला. भांडले नाही. म्हटलं, मुलाकडे द्या. दादाच बोलला त्याच्याशी, वीसेक मिनिटं, गॅलरीत जाऊन. काय बोलले ते मी विचारलं नाही. उद्या संध्याकाळी पुन्हा करतो म्हणालाय.