लिहिलेलं वाजवलं म्हणून जॅझ बाद होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जॅझ म्हणजे इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) आणि स्विंग (लयीचा झुलता ठेका), यातलं एक जरी कमी पडलं तरी ते जॅझ नाही. म्हणून माझ्या आवडत्या रेकॉर्डिंग्जच्या यादीतला बँडप्रमुख आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टन 'लिहून काढलेला' म्हणून बाद, सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन 'स्विंग होत नाही' म्हणून बाद आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे गायक-गिटारवादक जोआओ जिल्बर्टो यांची एकत्र रेकॉर्ड बोसानोव्हा (ब्राझीलची एक संगीतशैली) म्हणून बाद. शिवाय माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या जुन्या एलपीऐवजी वेग दुरुस्त केलेली आवृत्ती ऐका, हा सल्ला तुम्हाला निव्वळ जाहिरात वाटला.

आधी माझी चूक. 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'मध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाहीत असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही पकडलंत आणि बरोबर पकडलंत. ३२ बारच्या (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) कोरसमध्ये, म्हणजे एका आवर्तनात, पहिले १६ बार डी डोरियन (डी सुरापासूनची एक स्वरमालिका), पुढचे ८ अर्धा सूर वर म्हणजे ई फ्लॅट डोरियन, शेवटचे ८ पुन्हा डी. पॉल चेंबर्सचा बास प्रश्न टाकतो आणि पियानोवर बिल एव्हान्स दोन कॉर्डमध्ये 'सो व्हॉट' असं उत्तर देतो. ती प्रत्येक कॉर्ड पाच सुरांची आहे : खालून वर तीनदा सा-म इतकं अंतर आणि सगळ्यात वर सा-ग. कॉर्ड आहेतच, सोलोवाल्याला दर दोन मात्रांनी नवीन कॉर्डच्या मागे धावावं लागत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

आता मुख्य वाद. इम्प्रोव्हायझेशन ही अट धरली तर तुमची स्वतःची कपाटं अर्धी रिकामी होतील. लुई आर्मस्ट्राँगचं 'कॉर्नेट चॉप सुई' घ्या. त्याच्या हॉट फाइव्ह या बँडनं ते फेब्रुवारी १९२६ मध्ये रेकॉर्ड केलं. पण आर्मस्ट्राँगनं त्याची स्वरलिपी स्वतःच्या हातानं लिहून जानेवारी १९२४ मध्येच कॉपीराइटसाठी दिली होती, आणि कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या वाद्याचा जो भाग ऐकताना त्या क्षणी सुचल्यासारखा वाटतो, तोही त्या कागदावर बराचसा तसाच आहे. दोन वर्षं आधी ठरलेली गोष्ट. तरीही ते जॅझ नाही असं कोणी म्हणत नाही, तुम्हीही म्हणणार नाही.

मग एलिंग्टनला वेगळा न्याय का? ४ मे १९४० चं 'कॉटन टेल' लावा. सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टरच्या सोलोचे दोन कोरस संपले की पुढे सॅक्सोफोनचा अख्खा ताफा एकत्र येतो. तो कोरस शब्दशः लिहिलेला आहे, पाच जण मिळून उत्स्फूर्त तसं वाजवूच शकत नाहीत. पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा सूर कसा तोडलाय, कुठला सूर जवळजवळ गिळलाय आणि कुठल्यावर जोर आहे, ते कान देऊन ऐका. हे कागदावर उतरवता येत नाही. तेच सूर तितक्याच अचूकपणे, पण हा उच्चार माहीत नसलेल्या पाच जणांनी वाजवले तर सगळं बरोबर असूनही जॅझ ऐकू येणार नाही. सूर आयत्या वेळी सुचला की आधी ठरला, यापेक्षा तो कसा उच्चारला आणि मात्रेच्या संदर्भात कुठे ठेवला, हे माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं आहे.

'कुठे ठेवला' हे नीट सांगायला हवं, कारण स्विंगबद्दलचा आपला मतभेद तिथेच आहे. स्विंग म्हणजे मात्रेचे लांब-आखूड दोन तुकडे, दोनास एक या प्रमाणात, असं तुम्ही लिहिलंय. मध्यम लयीत राइड सिम्बलवर (ड्रमवादक सतत ठेका धरतो ती थाळी) साधारण तेच ऐकू येतं. पण लय संथ झाली की लांब तुकडा आणखी लांबतो, आणि मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास दोन्ही तुकडे जवळजवळ सारखे होतात. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या लयींना एकच ६६ टक्के स्विंग लावला की जलद तुकडा लंगडायला लागतो, तो यामुळेच. आणखी एक बारकावा : चांगला सोलोवाला मात्रेवरचा सूर सिम्बलच्या किंचित मागे ठेवतो, पण मधला आखूड सूर सिम्बलबरोबरच पाडतो. दोन्ही सूर सारखेच मागे गेले तर तो निवांत वाटत नाही, नुसता उशिरा आलेला वाटतो.

हे कानात ठेवून ऑर्नेटचं 'लोन्ली वुमन' ऐका. मे १९५९ चं रेकॉर्डिंग, पियानो नाही. पहिल्यांदा सॅक्सोफोन आणि कॉर्नेटकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रमवादक बिली हिगिन्सचा राइड ऐका. तो जलद आणि सरळसरळ स्विंग आहे. त्यावर ऑर्नेट आणि डॉन चेरी संथ, मोकळी सुरावट टाकतात, मात्रा न मोजता. तुमचा कान सुरावटीबरोबर गेला, म्हणून 'स्विंग नाही' असं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकताना पायानं हिगिन्सची लय धरा आणि मग सुरावटीकडे वळा. दोन वेगांमधला तो ताण हाच त्या तुकड्याचा जीव आहे.

गेट्झ-जिल्बर्टोबाबत मी अर्धा तुमच्या बाजूनं आहे. जिल्बर्टोंचं गाणं आणि गिटार बोसानोव्हाच आहे, अर्ध्या मात्रा समान, स्विंगचा संबंध नाही. पण स्टॅन गेट्झचा सोलो सुरू झाला की त्याचं वाक्य बारच्या रेषा ओलांडून रेंगाळतं आणि सुरातली हवा ऐकू येते. ते वाजवणं जॅझचंच आहे. त्यामुळे ती रेकॉर्ड यादीत राहील.

राहिली एलपी. 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू २ मार्च १९५९ च्या सत्रातली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं, म्हणून नीट वेगानं वाजवल्यावर त्या बाजूचे तिन्ही तुकडे चढे लागतात. दुरुस्त आवृत्ती १९९० च्या दशकात आली. तुमची एलपी कुठली, हे घरीच तपासता येईल. पण आधी दुसरी बाजू लावा : ती २२ एप्रिलची आणि बिनचूक आहे. 'ऑल ब्लूज'चा आधारसूर जी, तो कीबोर्डच्या जीशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर दोष टर्नटेबलच्या वेगात आहे, आधी तो ठीक करा. जुळला, आणि तरीही 'सो व्हॉट'चा डी कीबोर्डच्या डी आणि ई फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतोय, तर तुमच्याकडे जुनी छपाई आहे. कीबोर्ड अर्थातच ४४० ला (ए सूर ४४० हर्ट्झ) लावलेला हवा.